मलाजीच्या मागून चालणारा

कोमाजीभाऊ,

परवा तुमच्या अंगणात शिरलो तेव्हा "कोन मेलं आज?" असं विचारायला कोणी नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही माझं स्वागत याच प्रश्नानं केलंत. पेपरवाला चंद्रपुरातून बस बदलत गोंडपिपरीच्या पुढे इतक्या लांब येतो म्हणजे काही तरी वाईटच घडलेलं असणार, असा तुमचा समज होता. कोणी मेलेलं नाही म्हटलं की सुनेला सांगायचात, "मंग चाय ठेव. फुरसतीत आले हायेत."

तुमच्या मरणाची बातमी मीच लिहिली. गाव, शंभरीच्या आसपासचं वय, मागे मोठा परिवार. युद्धकाळात तुम्ही सरकारी गारदेत, म्हणजे पहाऱ्यावर होतात, हे वाक्य आधी घातलं आणि मग काढलं. चार ओळींच्या बातमीत ते चुकीचंच वाचलं गेलं असतं. कोणी तुम्हाला इंग्रजांचा माणूस म्हटलं असतं, कोणी छुपा देशभक्त. हे दोन्ही तुम्ही हयातभर नाकारलंत. म्हणून ते वाक्य इथे लिहितो. इथे जागा आहे.

तुमच्याकडून मला जे नक्की कळलं ते एवढं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, तारा तोडण्याचे प्रकार सुरू झाल्यावर, सरकारनं तारेच्या खांबांवर आणि नदीच्या घाटांवर गावोगावचे शेतकरी पहाऱ्याला लावले. ती फौज नव्हती आणि पोलीसही नव्हते. मालगुजारानं, गावच्या जमीनदारानं, सांगितलं, घरटी एक माणूस द्या. तुमच्या घरातून तुम्ही गेलात, शेजारच्या घरातून मलाजी. तो तुमच्याहून थोरला, लग्न झालेला, बायको गरोदर. तुम्हाला नुकतं मिसरूड फुटत होतं. खाकी सदरा, चामड्याचा पट्टा, काठी आणि खायला सरकारी धान्य. "सकाळी धानाच्या बांधीत नांगर, दुपारून गारद," असं तुम्ही सांगायचात. नदीच्या पलीकडे निजामाचा मुलूख होता. वॉरंट निघालेला माणूस डोंग्यात, लहान नावेत, बसून पलीकडे गेला की इकडच्या पोलिसांच्या हातून सुटायचा. म्हणून घाटापर्यंतची जंगलातली वाट तुम्हा दोघांकडे दिली होती.

या काळाबद्दल मी पुष्कळ प्रश्न विचारले. उत्तरं मला हवी होती तशी आली नाहीत. इंग्रजांबद्दल काय वाटायचं, असं विचारलं.

"साहेब म्या एकच पाह्यला. त्याले घाम लय ये."

"मग त्याच्याबद्दल काय वाटायचं?"

"वाटाचं काय? दुपट्टा देव त्याले, असं वाटे."

नागपूरहून एक अभ्यासक तुमचा गारदेचा पट्टा पाहायला आले होते. तुम्ही म्हणालात, तो बैलाच्या घंटीला लावला होता. बैल मेला, पट्टा त्याच्यासोबत गेला. "जागा दाखवतो. खोदता का?" ते गृहस्थ क्षणभर खरंच विचारात पडले होते.

तुमच्या चेहऱ्याची डावी बाजू अस्वलानं फाडली होती. गारदेत जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली ती गोष्ट, मोह वेचतानाची. डोळा वाचला, पण पापणी कायमची लोंबलेली राहिली, आणि बोलताना ओठाचा एक कोपरा हलत नसे. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, कारण मी गारदेबद्दल लिहीत होतो आणि अस्वल हा मला वेगळा विषय वाटत होता.

तुमच्या भागात जंगलातून चालताना माणूस आवाज देतो. गवत डोक्याएवढं, वळणापलीकडे काय बसलं आहे ते दिसत नाही. अस्वल माणसाला शोधत येत नाही, पण दचकलं तर सोडत नाही. म्हणून समोर चालणारा थोड्या थोड्या वेळानं लांब हाक देतो आणि जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळतो. मागचा गप्प चालतो. दोघांकडून आवाज आला तर जनावर गोंधळतं, असं तुम्ही सांगितलंत.

साहेबाचा हुकूम होता की गारदेवर आवाज करायचा नाही. मलाजी समोर चालायचा, आणि तो हाक द्यायचा. भर दुपारी, सरकारी सदरे घालून, फरार माणसं धरायला निघालेले दोन पहारेकरी आपण कुठवर आलो ते अख्ख्या रानाला सांगत चालले होते.

एक वॉरंटवाला माणूस गवतात बसून ती हाक ऐकत राहिला. हाक लांब गेली तसा तो मागून घाटावर उतरला आणि पलीकडे गेला. तो हाकेच्या अंदाजानं सुटला, हे डोंगेवाल्याकडून पोलिसांना कळलं. साहेबानं तुम्हा दोघांना उभं केलं. आवाज कोणाचा? मलाजी म्हणाला, माझा. का दिलास? "सवय हाये साहेब." त्याला बांधून नेलं. तुरुंगात त्याला हिवताप झाला, तो तिथेच वारला आणि त्याची मातीही तिकडेच झाली. तुम्हाला सोडून दिलं, कारण मागचा माणूस आवाज देत नाही हे गावातल्या प्रत्येकानं साहेबाला सांगितलं. मलाजीची मुलगी सोमी त्यानंतर जन्मली.

स्वातंत्र्य आल्यावर तो सुटलेला माणूस पुढारी झाला. त्याचं नाव इथे देण्याची गरज नाही. भाषणात तो सांगायचा की गारदेतल्या एका देशभक्तानं हाक देऊन मला सावध केलं. मलाजीशी तो एक शब्दही बोललेला नव्हता. गवतात बसून जे ऐकलं त्याचा त्याला तोच अर्थ लागला, आणि त्याच्या जागी कोणालाही तोच लागला असता. तुमच्या गावच्या शाळेतही तो हे बोलून गेला. लहानगी सोमी समोर बसली होती. तोवर पोरं तिला जेलवाल्याची पोट्टी म्हणायची. बापाबद्दल तिनं ऐकलेली ती पहिली चांगली गोष्ट. ती धावत तुमच्याकडे आली आणि विचारलं, खरं का? मलाजीसोबत त्या वाटेनं चाललेला माणूस तुमच्याखेरीज दुसरा नव्हता. तुम्ही म्हणालात, "नाई गा पोरी. सवय होती."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती आजी झालेली होती. सांगताना तिचा आवाज त्या वयाचा झाला.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, जी तुमच्याकडून मला कधीच कळली नसती. मलाजी गेल्यावर त्याच्या बांधीत दरवर्षी पहिला नांगर तुमचा चालायचा, मग तुमच्या स्वतःच्या बांधीत. सोमीचं लग्न होऊन घरजावई आला, त्यालाही नांगराची मूठ धरायला तुम्ही शिकवलंत. पाऊस लांबला, तुमचे परे, भाताची रोपं, वाळून चालले, तरी क्रम बदलला नाही. "नांगर देल्ला बुढ्यानं," सोमीबाई म्हणाली. "बोल तेवढा नाई देल्ला."

ग्रामपंचायतीनं शाळेच्या मैदानात स्मृतिस्तंभ बांधायचं ठरवलं तेव्हा तो बोल फार महत्त्वाचा झाला. गावातले दोघे चळवळीत तुरुंगात गेले होते, त्यांची नावं पक्की होती. मलाजीचं नाव तुमच्यावर अडलं. पुढाऱ्याचं भाषण लोकांच्या आठवणीत होतं, पण मलाजीसोबत चाललेला माणूस जिवंत असताना त्याला डावलून नाव कोरणं सरपंचबाईंना बरं वाटेना. त्या तरुण आहेत, गावात कोणाचा मान कुठे आहे हे त्यांना कळतं. त्यांनी सोमीबाईला तुमच्याकडे पाठवलं. त्या दिवशी मी तुमच्या छपरीत बसलो होतो.

"काका, सरपंचबाई नाव लिवून राह्यली खांबावर. तू येक शब्द सांग. माह्या बापानं मुद्दाम आवाज देल्ला म्हून."

"मुद्दाम नाई देल्ला."

"तुले काय मालूम? त्याच्या डोक्यात बसला होता का तू?"

"मांगं होतो. पाठ पाहून राह्यलो होतो."

"मंग पाठीवर लिवलं होतं का?"

तुम्ही हसलात. ती हसली नाही.

"सरकारचं धान खाल्लं त्यानं," तुम्ही म्हणालात. "खाऊन दगा देनारा नोहता मलाजी. तुले दगाबाज बाप पायजे का?"

"अन् तू काय देतं मले? अस्वलाले भेनारा बाप? लोक म्हनतीन, साहेबाले नाई भेला, अस्वलाले भेला, अन् जेलात जाऊन मेला."

"अस्वलाले सारेच भेते. तू नाई भेत का?"

"भेतो. पण त्याच्यासाठी कोनी जेलात नाई मरत."

ती उठली, पदर खोचला आणि फाटक न लावता निघून गेली. तुमचा नातू दिलीप घुग्घुसच्या खाणीतून पाळी संपवून आला होता, मोटारसायकलवर कोळशाची धूळ तशीच होती. तो तुम्हाला म्हणाला, "बोलून टाक ना बुढ्या. काय जाते तुह्या बापाचं?"

"माह्या बापाचं नाई जात," तुम्ही म्हणालात. "तिच्या बापाचं जाते."

त्या संध्याकाळी मीही तुमच्याशी भांडलो. तो वाद पुरा झाला नाही, म्हणून माझी बाजू पुन्हा मांडतो. मी म्हटलं, आवाज करू नका असा स्पष्ट हुकूम होता. तो मलाजीनं मोडला. हुकूम मोडायला कारण लागतं.

"हुकूम देनाऱ्याले अस्वल मालूम नोहतं."

"पण मलाजीला हुकूम मालूम होता. तुम्हीच सांगितलंत की सुरुवातीला तुम्ही दोघं गुपचूप चालत होता. मग हाक सुरू कधी झाली? सवय असती तर पहिल्या दिवसापासून असती."

तुम्ही यंदा शेतात लाखोळी कशी आली ते सांगू लागलात. पीक वाईट नव्हतं.

त्याच मुक्कामात तुम्ही मला जुना घाट दाखवायला नेलं होतं. तुमच्या हातात काठी, वाट तुमच्या पायाखालची, माझ्यासाठी नवखी. तरी जंगल लागलं तसे थांबलात आणि म्हणालात, "तुमी समोर चाला." मला तो पाहुण्याला दिलेला मान वाटला. वाटभर मी वळून तुमच्याशी बोलत होतो आणि तुम्ही काहीच बोलत नव्हता. हात टेकायला एक झाड मिळालं की तुम्ही तिथे जास्त वेळ थांबायचात. दम लागला असेल, असं मी समजलो.

स्तंभाच्या त्या भांडणानंतर सोमीबाई तुमच्या घरी यायची बंद झाली. काम रखडलं. दगड उभा राहिला, नावांची पाटी मिस्त्रीकडे पडून राहिली. मग तुम्ही अंथरूण धरलंत. दिलीपचा फोन आला आणि मी आलो. तेव्हा तुमचा प्रश्न शाबूत होता, फक्त त्यात दोन शब्द जास्त होते: "कोन मेलं आज? मी का?"

दुपारी सोमीबाई आली. बोलावलं कोणी ते मी विचारलं नाही. खाटेच्या कडेला बसली आणि तुम्हाला पाणी पाजलं. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. बोललात ते तुम्हीच.

"सोमे, मी समोर नाई गेलो कधी."

"मालूम हाये काका."

"मलाजी म्हने, तू मांगं राह्य."

"हो."

"पह्यले गुपचूपच चालत होतो. हुकूम होता ना. माहे पाय नाई उचलले. उभाच राह्यलो वाटंत."

ती तुमच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूकडे पाहत होती. लहानपणापासून तिनं तो चेहरा पाहिला होता. मला वाटतं त्या दिवशी तिनं तो पहिल्यांदा नीट पाहिला, आणि मीही.

"मंग?" ती म्हणाली.

तुम्ही डोळे मिटलेत. एक पूर्ण मिटला, दुसरा अर्धाच, नेहमीसारखा. पुढचं वाक्य ऐकायला ती बराच वेळ बसून राहिली. ते तुम्ही बोलला नाहीत. झोप लागली होती की बोलायचं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

पुढचं वाक्य काय असावं याचा अंदाज मी बांधू शकतो. अस्वलानं फाडलेला माणूस मागे, धडधाकट माणूस समोर. मागच्याचे पाय रानात उचलेनात, म्हणून समोरच्यानं हुकूम मोडून हाक द्यायला सुरुवात केली. साहेबानं कारण विचारलं तेव्हा मलाजीनं तुमचं नाव घेतलं नाही. "सवय" म्हणाला. ऐंशी वर्षं तुम्ही मलाजीचाच तो शब्द पुढे सांगत राहिलात. त्याची साक्ष बदलायची नाही म्हणून, की स्वतःच्या भीतीचं नाव घ्यायचं नाही म्हणून, हे मला माहीत नाही. दोन्ही खरं असू शकतं. हा अंदाज आहे. माझ्या धंद्यात अंदाज छापत नाहीत, आणि ज्याला विचारून पक्कं करायचं तो माणूस आता नाही.

तुमच्यावर माझा राग आहे, भाऊ. सोमीबाई त्या उत्तराची वाट बघत म्हातारी झाली. मलाजी फितूर नव्हता हे तुम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगितलंत, पण तो कोणासाठी बोलला हे सांगितलं असतंत तर तिला भाषणातल्या देशभक्ताची गरजच उरली नसती. तरी जितकं बोललात तितकं तिच्यासमोर बोललात, पेपरवाल्याला एकट्याला गाठून नाही, याबद्दल मी तुमचे आभार मानतो. एका माणसाच्या तोंडून खोटं निघावं म्हणून घर, गाव आणि बाहेरचा एक वार्ताहर असे सगळे मागे लागले, आणि ते निघालं नाही. हे मी जवळून पाहिलं. असं पाहायला फार वेळा मिळालेलं नाही.

तुमची माती झाली. लोक नदीवर आंघोळ करून परतले आणि अंगणात बसले. सुनेनं कोरा चहा फिरवला. माणसं पांगू लागली तशा सरपंचबाई सोमीबाईजवळ येऊन बसल्या. आवाज खाली ठेवून बोलत होत्या, पण अंगण लहान आहे.

"आजी, पाटी तयार हाये. मिस्त्री म्हनते, नावं पक्की करा. आता नाई म्हनाले कोनी राह्यलं नाई. मलाजी आजोबाचं नाव टाकून देऊ?"

दिलीप तिथेच होता. मान खाली घालून बसला. सोमीबाईनं चहाचा कप जमिनीवर ठेवला.

"नको टाकू."

"काऊन वो आजी? तुमचीच तं इच्छा होती."

"बुढा असता तं उठून नाई म्हनला असता. आता टाकलं तं चोरी होते."

"चोरी कशाची? ते पुढारी साहेब सोताच तं सांगत होते, मले हाक देऊन वाचवलं म्हून."

"ते गवतात बसले होते," सोमीबाई म्हणाली. "हा मांगं होता."

दिलीप म्हणाला, "आजी, इचार कर. खांब काही पुन्हा नाई होत."

"इचारच केला ना रे उमरभर. दुसरं काय केलं?" मग तुमच्या रिकाम्या खाटेकडे बघून ती मोठ्यानं बोलली, तुम्ही आत असल्यासारखी. "माफ नाई केलं म्या याले. तोंड उघडाले पायजे होतं यानं, सारं सांगाले पायजे होतं. मी येत होतो ना, रोज येत होतो." ती उठून उभी राहिली. "पण खोटं नाई लिवाचं माह्या बापाच्या नावासमोर. तो तसा नोहता."

सरपंचबाईंनी तिथेच अंगणाच्या कडेला जाऊन मिस्त्रीला फोन लावला आणि पक्की होती तेवढीच नावं कोरायला सांगितली. मिस्त्रीनं पुन्हा विचारलं असावं, कारण त्यांनी ते दोनदा सांगितलं. सोमीबाई फोन संपेपर्यंत उभी होती, कोमाजीभाऊ. मधे एकदाही तिनं थांब म्हटलं नाही.